श्वासाची वाट आणि वाटेवरचे पहारेकरी

अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस. परंतु हवेवाचून पाच-सहा मिनिटेही धड काढू शकत नाही. असे असूनही आपल्या घराघरांतून सर्वांत जास्त बोलले जाते ते पोटाबद्दल. काय पचते, काय बाधते, कशाने पित्त होते, हे सर्वांना तोंडपाठ असते. फुप्फुसांची आठवण मात्र जिना चढताना धाप लागू लागली, किंवा खोकल्यातून रक्त पडले, म्हणजेच होते.

याचे एक कारण शरीराच्या रचनेतच आहे. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळविणाऱ्या नसा नाहीत. दात किडला तर तो रात्रभर झोपू देत नाही. फुप्फुस आतून पोखरत गेले तरी हूं की चूं करीत नाही. त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला सूज आली तरच छातीत कळ येते. म्हणून दुखत नाही याचा अर्थ बिघडलेले नाही, असा घेऊन चालत नाही.

आमच्या वाचकांमध्ये चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माता-भगिनी आहेत. खाणीवर, क्रशरवर, बांधकामावर, गिरणीत, गटारसफाईत राबलेले बांधव आहेत. श्वासाचे शास्त्र कळण्याची गरज डॉक्टरांइतकीच त्यांनाही आहे. म्हणून या लेखात आम्ही नाकापासून रक्तापर्यंतची वाट पायरीपायरीने चालून पाहणार आहोत. या वाटेवर निसर्गाने जागोजाग पहारेकरी बसविले आहेत. ते कोण, ते काय अडवितात आणि कोणापुढे हात टेकतात, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. घरातील शाळकरी मुलामुलींनी हा लेख मोठ्यांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

पहिला दरवाजा : नाक

मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. मिनिटाला १६ श्वास धरले तर दिवसाला २३ हजारांवर श्वास आणि साडेअकरा हजार लिटर हवा होते. म्हणजे दोनशे लिटरची सत्तावन्न पिंपे! आणि ही झाली बसल्या जागची गोष्ट. घण मारणारा, हमाली करणारा माणूस याच्या कितीतरी पट हवा आत घेतो. आणि हवेत जे काही असेल तेही तितक्याच पटीने घेतो.

एवढी हवा तपासून घेण्याचे काम नाकाचे. नाकपुडीतील केस मोठा कचरा अडवितात. त्याच्या आत दोन्ही बाजूंना हाडांच्या तीन-तीन पट्ट्या असून त्यांवर ओलसर त्वचा असते. हवा त्यांना घासून वळणे घेत जाते, तेव्हा धुळीचे जाडे कण त्या ओलाव्याला चिकटतात. पौषातली थंड हवा असो की वैशाखातली कोरडी, आत उतरेपर्यंत ती शरीराच्या उष्णतेजवळ येते आणि दमट होते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला यातले फारसे काही मिळत नाही. नाकातच वास ओळखणाऱ्या पेशी आहेत. त्या धोक्याची पहिली घंटा वाजवितात. या घंटेला आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

घशातला फाटा

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि एक छोटीशी झडप श्वासनलिकेच्या तोंडावर पडते. बोलता-बोलता किंवा हसता-हसता जेवले की ही झडप चुकते आणि ठसका लागतो. ठसका हाही पहारेकरीच आहे. चुकून आत गेलेले तो जोराने बाहेर फेकतो.

लहान मुलांची ही व्यवस्था अजून कच्ची असते. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, बटण अशा वस्तू त्यांच्या श्वासनलिकेत जातात. उजवी श्वसनी डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ उतरणारी असल्यामुळे अशा वस्तू बहुधा उजव्या फुप्फुसात सापडतात. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी खाली जाते. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर तान्ह्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोसे द्यावेत आणि तसेच दवाखान्याकडे धावावे. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खा शेंगदाणा न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

उलटे झाड

श्वासनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. तिला १६ ते २० कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती पाण्याच्या रबरी नळीसारखी चिमटत नाही. ही कडी पूर्ण गोल नसून मागच्या बाजूला उघडी असतात. मागे अन्ननलिका टेकलेली असते. मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा मिळावी म्हणून ही सोय.

छातीत आल्यावर श्वासनलिकेचे दोन फाटे होतात. त्यांना श्वसनी म्हणतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोनच. कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. श्वसनीला पुन्हा फाटे, त्या फाट्यांना पुन्हा फाटे, असे सुमारे २३ वेळा होते. झाड उलटे टांगून पाहावे तसे चित्र दिसते. शेवटच्या डहाळ्या केसासारख्या बारीक असतात.

या नळ्यांच्या आतून चिकट द्रवाचे पातळ अस्तर असते आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो केसर असतात. शेतात वाऱ्याने गव्हाच्या ओंब्या डुलाव्यात तसे हे केसर सेकंदाला दहा-बारा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा हलतात, आणि तेही एकाच दिशेने, वर घशाकडे. नाकातून निसटलेली धूळ आणि जंतू त्या चिकट द्रवात अडकतात व हळूहळू वर ढकलले जातात. आपण नकळत ते गिळतो किंवा खाकरून टाकतो. दिवसरात्र चालणारी ही झाडलोट बिनपगारी आणि बिनसुट्टीची आहे.

विडी-सिगारेटच्या धुराने हे केसर प्रथम मंदावतात आणि पुढे झडून जातात. मग कचरा वर आणायला खोकल्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. 'आमच्या दादांना सकाळी खोकल्याशिवाय मोकळे वाटत नाही' असे कौतुकाने सांगितले जाते. तो खोकला म्हणजे संपावर गेलेल्या झाडूवाल्यांची नोटीस आहे.

जिथे खरा व्यवहार होतो

सर्वांत बारीक डहाळ्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घोसासारखे फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० ते ५० कोटी भरतात. सर्व उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. मुंबईच्या बीडीडी चाळीतील जुनी खोली १६० चौरस फुटांची. तशा चार खोल्यांहून मोठी जमीन आपण प्रत्येक जण छातीत घडी घालून वागवीत आहोत.

या वायुकोशांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथम पाहिले. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तांबडी पेशी या जाळ्यात जेमतेम पाऊण सेकंद थांबते. तेवढ्यात तिच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायू उचलते आणि रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साईड हवेत सोडला जातो. आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के. कार्बन डायऑक्साईड मात्र ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो.

वायुकोश आतून ओले असतात. ओले फुगे मिटून चिकटायला हवेत. ते तसे होऊ नयेत म्हणून त्यांच्यात साबणाच्या पाण्यासारखे काम करणारा एक द्रव तयार होतो. गर्भात तो शेवटच्या महिन्यांत पुरेसा होतो. म्हणूनच सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला श्वास घेणे जड जाते. या द्रवाचा अभाव हेच त्यामागचे कारण आहे, हे १९५९ मध्ये अमेरिकेच्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी दाखवून दिले.

वायुकोशात केसर नाहीत. इथे पहारा असतो तो भक्षक पेशींचा. आत पोहोचलेला कण किंवा जंतू त्या गिळून टाकतात. हा शेवटचा पहारेकरी. याच्या पलीकडे थेट रक्त!

भाता कोण हलवितो?

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूचा पडदा असतो, तो श्वासपटल. तो आखडला की खाली सपाट होतो, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, छातीचा पिंजरा मोठा होतो आणि हवा आत खेचली जाते. लोहाराचा भाता उघडावा तसेच. सैल पडला की हवा बाहेर.

हा भाता चालविणारे केंद्र मेंदूच्या देठात आहे. ते मुख्यतः कशावर लक्ष ठेवते? पुष्कळांना वाटते, प्राणवायूवर. प्रत्यक्षात ते प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साईडवर लक्ष ठेवते. श्वास कोंडला असता जी तगमग होते ती बव्हंशी कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे होते. प्राणवायू थोडा कमी झाला तर शरीर लगेच ओरडत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे तो जीवन-मरणाचा ठरणार आहे.

आणखी एक हिशेब. आत घेतलेल्या अर्ध्या लिटरपैकी, म्हणजे ५०० मिलिलिटरपैकी, सुमारे १५० मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, वायुकोशापर्यंत पोचत नाही. मिनिटाला १२ शांत श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांत ४२०० मिलिलिटर ताजी हवा जाते. तोच माणूस घाबरून अर्धे-अर्धे, २४ उथळ श्वास घेऊ लागला तर हवा तेवढीच हलते, पण वायुकोशांत पोचते फक्त २४०० मिलिलिटर. म्हणून धाप लागलेल्या रुग्णाभोवती गर्दी करून त्याला घाबरविण्यापेक्षा, त्याला बसवून, धीर देऊन, श्वास सावकाश व खोल घ्यायला लावणे हे खरे साहाय्य होय.

बाळाचा श्वास मोजा

लहान मुलाच्या न्यूमोनियात वायुकोश पाण्यासारख्या द्रवाने आणि पुवाने भरतात. जितके वायुकोश बंद, तितका श्वास जलद. म्हणजे यंत्र नसले तरी आजार मोजता येतो. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट-छाती उघडी करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, मलूल पडले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे मोजमाप खेड्यातील अल्पशिक्षित माणसांच्या हाती दिले. ज्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी मण्यांची पाटी बनविली. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी औषध दिले. १९९० मध्ये त्यांचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झाले तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याच्या आसपास आले होते. एवढे असूनही बाळाच्या पोटाला चटके देणारे आणि अंगारा लावून वाट पाहणारे आजही आढळतात. चटक्याने वायुकोशातला पू जात नाही, हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

चूल आणि विडी

ओले सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या यांच्या धुरात अत्यंत बारीक कण असतात. नाक जाड धूळ अडविते, केसर मध्यम कण झाडतात, परंतु मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान कण सर्व पहारे चुकवून वायुकोशापर्यंत जातात. फुंकणीने विस्तव फुलविताना स्त्री आधी दीर्घ श्वास घेते, आणि तोही धुराच्या तोंडाशी बसून. दहाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हे चालते. मग कधी विडीला हात न लावलेल्या आजीलाही जुना खोकला आणि दमछाक का जडते, हे वेगळे सांगायला नको. पाठीशी बांधलेले किंवा मांडीवरचे मूल तोच धूर घेते.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली, गॅसची शेगडी पुष्कळ घरी पोचली. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हेही खरे आहे. तेव्हा चूल पेटवावीच लागली तर ती उघड्यावर किंवा धुराड्याखाली असावी, सरपण वाळलेले असावे, मूल दूर ठेवावे. आणि थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी घेऊन कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो.

विडीत तंबाखू थोडी असते म्हणून ती सौम्य, ही समजूत खोटी आहे. विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड त्यामुळे जास्तच जातात. सोलापूर, सिन्नर येथे विड्या वळणाऱ्या भगिनींना न ओढताच तंबाखूची धूळ घ्यावी लागते. समाधानाची गोष्ट एवढीच की सोडल्याचा लाभ लवकर सुरू होतो. एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साईड उतरतो आणि काही महिन्यांत केसर पुन्हा कामाला लागतात.

दगडाची धूळ, कापसाची धूळ

खाणीत सुरुंगाची भोके पाडताना, क्रशरवर खडी फोडताना, छिन्नीने जाते-पाटा टाकताना दगडातील सिलिकाची धूळ उडते. तिचे बारीक कण वायुकोशात पोचतात. भक्षक पेशी नेहमीप्रमाणे ते गिळते. पण सिलिका पचत नाही, उलट ती त्या पेशीलाच मारते. पेशी फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. शेवटचा पहारेकरीच असा मरत राहिल्यावर तिथे व्रण पडतात आणि मऊ फुप्फुस निबर होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. आणि पहारा मोडलेल्या अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात.

येथे एक मोठी फसगत होते. क्ष-किरण चित्रात सिलिकोसिस पुष्कळदा क्षयासारखा दिसतो. कामगाराने आपले काम सांगितले नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर क्षयाची औषधे सुरू होतात, आणि धुळीचा रोग कागदावर येतच नाही. कागदावर न आलेल्या रोगाची भरपाई मिळत नाही. कायद्याने सिलिकोसिस हा कळविणे बंधनकारक असलेला रोग आहे. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'खोकला आहे' एवढेच सांगू नका. कोणत्या खाणीवर, किती वर्षे, कोणते काम केले, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. खरा उपाय म्हणजे भोक पाडताना आणि खडी फोडताना पाण्याचा फवारा; तो मालकाने करावयाचा आहे, आणि संघटनेने मागावयाचा आहे.

कापसाच्या धुळीचीही अशीच कथा. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून यायची, पुढच्या दिवसांत सैल व्हायची. वर्षे गेली की कायमची आवळायची. मुंबईच्या गिरण्यांत श्वासाशीही जात जोडली गेली होती. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य कामगाराचे तोंड लागलेला धागा नको, म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारे त्याला बंद होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला आणि ती दारे उघडण्याची मागणी केली. एकाचा श्वास दुसऱ्याला विटाळतो, हे कोणत्याही शरीरशास्त्रात लिहिलेले नाही.

गटारातला वायू

आता नाकातील त्या घंटेकडे येऊ. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये घाण कुजून हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो वासाच्या पेशीच बधिर करतो, आणि वास येईनासा होतो. कामगाराला वाटते, वायू गेला. प्रत्यक्षात घंटाच बंद पडलेली असते. पुढे तो रक्तातून पेशीपेशीत शिरून प्राणवायू वापरण्याची क्रियाच थांबवितो. प्रमाण फार असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

दुसरा सापळा असा की टाकीतला प्राणवायू आधीच संपलेला असू शकतो. मेंदूची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साईडने होते, हे आपण वर पाहिले. टाकीत प्राणवायू नसला तरी श्वास चालू असतो, कार्बन डायऑक्साईड बाहेर जात असतो. म्हणून गुदमरल्यासारखे वाटण्यापूर्वीच शुद्ध हरपते. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला वाचवायला उतरतो आणि तोही जातो. तिसरा उतरतो. वर्तमानपत्रांतील अशा बातम्यांत एकाच टाकीत दोघे-तिघे का दगावतात, त्याचे कारण हे आहे. धाडस कमी पडले म्हणून ते मरत नाहीत.

रुमाल, नारळाचे तेल, दारूचा घोट, यांपैकी काहीही या वायूला अडवीत नाही. २०१३ च्या कायद्याने पुरेशा संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. या कामावर कोणत्या समाजाची माणसे पाठविली जातात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सांगण्याची गरज आहे ती एवढीच की 'उतरणार नाही, यंत्र आणा' असे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना आहे. आणि कोणी आत कोसळलाच तर मागून उतरू नये. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर बोलवावे.

घरोघरी एवढे करावे

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रोज सायंकाळी ताप, वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करावी. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. आहारासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे. ती मागून घ्यावी.

२. २०२०-२१ च्या साथीत पुष्कळ घरांत बोटाला लावायचे यंत्र आले. ते कपाटात पडू देऊ नका. स्वस्थ माणसाचा आकडा साधारण ९५ किंवा त्याहून वर असतो. तो ९४ च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मात्र कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेत हे यंत्र फसते, हेही लक्षात असू द्या.

३. धुळीच्या कामावरून आल्यावर कपडे घराबाहेर झटकावेत, वेगळे धुवावेत. त्या धुळीत मुले झोपतात.

४. धुळीत, धुरात काम करणाऱ्याने आपले काम डॉक्टरांना न विसरता सांगावे.

५. बाळाचा श्वास कसा मोजायचा हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवे. मंडळाच्या सभेत, महिलांच्या बैठकीत एकदा घड्याळ घेऊन ते सर्वांना शिकवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

नाकातील केसांपासून भक्षक पेशींपर्यंत सारे पहारेकरी आपले काम चोख करतात. पण बारीक धूर, दगडाची धूळ आणि गटारातील वायू यांच्यापुढे ते हरतात. तेथे पुढचा पहारा माणसांनाच द्यावा लागतो : स्वयंपाकघरात, खाणीच्या फाटकावर आणि मॅनहोलच्या तोंडाशी. फुप्फुस तक्रार करीत नाही. त्याची तक्रार वेळेवर, मोठ्याने आणि लेखी करण्याची जबाबदारी आपली आहे.